वाट चुकलेला यात्रेकरू

(३१ जुलै : संत इग्नेशियस लोयोला ह्यांचा सण)



संत इग्नेशियस लोयोला ह्यांची तसबीर आपण पाहिलेली असते. अंगात मिस्साचा झगा, हातात उघडा ग्रंथ, चेहऱ्यावर गंभीर भाव. येशूसंघाचे संस्थापक, 'आध्यात्मिक साधना' ह्या पुस्तकाचे लेखक आणि जगभर शाळा-महाविद्यालये चालवणाऱ्या संघाचे पहिले प्रमुख म्हणून आपण त्यांना ओळखतो. मात्र आयुष्याच्या अखेरीस, १५५३ ते १५५५ ह्या काळात, त्यांनी आपली जीवनकथा फादर लुईस गोन्साल्विस दा कामारा ह्या सहकाऱ्याला सांगितली, तेव्हा स्वत:ला संस्थापक म्हटले नाही, लेखकही म्हटले नाही. साऱ्या कथेत ते स्वत:चा उल्लेख यात्रेकरू असाच करतात.

हा शब्द त्यांनी शोभेसाठी निवडलेला नव्हता. ते खरोखरच हजारो मैल पायी चालले. वाट चुकले, मागे पडले, हेर समजून पकडले गेले, वेडा समजून हाकलले गेले. अनोळखी माणसांनी त्यांना भाकरी दिली, कपडा दिला, रात्रीपुरते छप्पर दिले. काही ठिकाणी काहीच मिळाले नाही. आज त्यांची कथा आपण ह्याच बाजूने पाहू या.

जखमी सरदार

स्पेनच्या उत्तरेला बास्क लोकांचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या गिपुस्कोआ प्रांतात आझ्पेतिया गावाजवळ लोयोला घराण्याचा वाडा होता. त्या वाड्यात १४९१ साली इनिगोचा जन्म झाला. हेच त्याचे मूळ नाव. तरुणपणी तो दरबारात वाढला. तलवारबाजी, उंची कपडे, स्त्रियांची मर्जी आणि रणांगणावरची कीर्ती ह्यांतच त्याचे मन रमे.

२० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंच फौजेशी लढताना तोफेचा गोळा लागून त्याचा उजवा पाय मोडला आणि दुसऱ्या पायालाही जखम झाली. किल्ला पडला. आता हा जखमी सरदार शत्रूच्या हाती होता. परंतु फ्रेंचांनी त्याला सौजन्याने वागवले, बारा-पंधरा दिवस त्याच्यावर उपचार केले आणि मग पालखीसारख्या डोलीत घालून घरी पाठवले. पुढे आयुष्यभर परक्यांच्या उपकारावर जगलेल्या ह्या माणसावरचा पहिला मोठा उपकार त्याच्या शत्रूंनी केला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

घरी पाय पुन्हा मोडून बसवावा लागला. गुडघ्याखाली हाड पुढे आले होते, ते दिसायला वाईट म्हणून त्याने करवतीने कापून घेतले. भूल देण्याची सोय त्या काळी नव्हती. अंथरुणावर वेळ जावा म्हणून त्याने शौर्याच्या कादंबऱ्या मागितल्या. त्या घरात नव्हत्या. ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा तेवढ्या मिळाल्या. त्या वाचता वाचता त्याचे मन पालटले. आपण यरुशलेमला पायी जायचे, असे त्याने ठरवले.

खेचराने निवडलेली वाट

१५२२ च्या सुरुवातीला तो खेचरावर बसून मोंत्सेरात येथील पवित्र मरियेच्या मठाकडे निघाला. वाटेत एक मुसलमान प्रवासी भेटला. दोघे बरोबर चालू लागले आणि बोलणे मरियामातेवर आले. तिचे कौमार्य प्रसूतीनंतरही अभंग राहिले, हे त्या प्रवाशाला पटेना. वाद झाला आणि तो मनुष्य घाईघाईने पुढे निघून गेला.

इनिगो मागे राहून विचार करू लागला. आपण मातेचा अपमान ऐकून घेतला, त्याला गाठून खंजीर खुपसावा का? काय योग्य ते त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने खेचराचा लगाम सैल सोडला. पुढे फाटा होता. तो प्रवासी ज्या गावाला जाणार होता, ते गाव हमरस्त्यापासून तीस-चाळीस पावलांवर होते आणि गावाची वाटही चांगली रुंद होती. खेचर गावाकडे वळले तर त्या माणसाला मारायचे, हमरस्त्याने गेले तर सोडून द्यायचे. खेचर हमरस्त्यानेच गेले.

इग्नेशियस ह्यांनी म्हातारपणी ही हकिकत स्वत:च सांगितली आहे, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे. भक्ती होती, पण विवेक नव्हता. सहप्रवाशाला मारावे की सोडावे, एवढेही ज्याला कळत नव्हते, तोच पुढे ख्रिस्तसभेला आत्म्यांची पारख शिकवणारा गुरू झाला. देवाच्या नावाने राग आला की तो पवित्रच असतो असे मानणाऱ्या आपणा सर्वांनी त्या फाट्यावर घटकाभर थांबून विचार करायला हवा. ह्या कथेत वाट चुकणे प्रथम घडते ते मनात. रस्त्यावरचे चुकणे नंतरचे आहे.

२४ मार्च १५२२ च्या रात्री मोंत्सेरात येथे त्याने आपले उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले, अंगावर गोणपाटासारखा जाडाभरडा झगा चढवला, तलवार आणि खंजीर मरियेच्या वेदीपाशी अर्पण केले आणि रात्रभर जागून प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी कळले की, त्या भिकाऱ्याला चोर समजून पकडले आहे. इनिगोच्या डोळ्यांत पाणी आले. ज्याला द्यायला गेलो, त्याच्यावरच संकट ओढवले. दान देणेसुद्धा शिकावे लागते, हा धडा त्याला पहिल्याच दिवशी मिळाला.

मान्रेसा येथील आयाबहिणी

ह्यापुढे आपण त्यांना इग्नेशियस असेच म्हणू. मोंत्सेरातहून ते जवळच्या मान्रेसा गावी थोडे दिवस राहायला गेले आणि सुमारे अकरा महिने राहिले. तिथल्या इस्पितळात त्यांनी आसरा घेतला. त्या काळचे इस्पितळ म्हणजे आजारी, निराधार आणि वाटसरू ह्यांची धर्मशाळाच. ते रोज दारोदार भिक्षा मागत. केस आणि नखे त्यांनी वाढू दिली होती. उपवास आणि जागरणे ह्यांना सीमा नव्हती.

तिथेच त्यांच्या मनाने त्यांना घेरले. जुन्या पापांची कबुली पूर्ण झाली नाही, ही टोचणी पुन्हा पुन्हा पापनिवेदन करूनही जाईना. त्यांच्या खोलीत एक मोठे भोक होते, त्यातून स्वत:ला झोकून द्यावे असा विचारही मनात येई. देवाने त्यांना त्यातून सोडवले. कार्दोनेर नदीच्या काठी बसलेले असताना एकदा त्यांना असा अंत:प्रकाश लाभला की, आयुष्यभरात मिळालेले सारे ज्ञान एकत्र केले तरी त्या एका अनुभवाची बरोबरी होणार नाही, असे ते पुढे सांगत.

मात्र त्याच मान्रेसात हिवाळ्यात ते फार आजारी पडले, तेव्हा गावाने त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. एका कुटुंबाच्या घरी त्यांची व्यवस्था झाली. गावातल्या प्रतिष्ठित स्त्रिया रात्री त्यांच्या उशाशी जागत बसल्या. बरे झाल्यावर ह्याच स्त्रियांनी आग्रह करून त्यांना जाड्या कापडाचे दोन आखूड अंगरखे, पायांत जोडे आणि डोक्याला टोपी घालायला लावली. देवाचा प्रकाश नदीकाठी मिळाला, हे चरित्रकार आवर्जून लिहितात. टोपी कोणी घातली, हे सहसा कोणी लिहीत नाही. दोन्ही गोष्टी एकाच देवाकडून आल्या.

पैशाशिवाय यरुशलेम

१५२३ च्या आरंभी ते बार्सिलोनाला गेले. सोबत घ्या, असे अनेकांनी सुचवले. त्यांना इटालियन येत नव्हते, लॅटिनही येत नव्हते. परंतु त्यांनी नकार दिला. सोबती असला तर भूक लागली की आपण त्याच्याकडे पाहू, पडलो तर त्याने उचलावे अशी अपेक्षा करू, आणि मग आपला भरवसा देवाऐवजी त्याच्यावर बसेल, अशी त्यांची विचारसरणी होती. जहाजाच्या कप्तानाने फुकट न्यायचे कबूल केले, पण खाण्यासाठी सुकी बिस्किटे स्वत:ची आणावीत, असे सांगितले. तेवढीही शिदोरी घ्यावी की नाही, ह्या विचाराने ते बेचैन झाले. शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचा सल्ला घेऊन त्यांनी बिस्किटे भिक्षा मागून जमवली आणि खिशात उरलेली पाच-सहा नाणी बंदरावरच्या एका बाकावर ठेवून ते जहाजावर चढले.

इटलीत तेव्हा प्लेगची साथ होती. परक्यांना गावाच्या वेशीतून आत घेत नसत. फोंदी नावाच्या गावी असेच दार बंद झाले. अशक्तपणामुळे पुढे पाऊल टाकवत नव्हते. तेवढ्यात त्या गावाची मालकीण वेशीबाहेर आली. त्यांनी तिला विनंती केली. आपण रोगाने नव्हे, थकव्याने आजारी आहोत, हे तिने मानले आणि आत यायची परवानगी दिली. कोविडच्या काळात, २०२० साली, आपल्याही गावांच्या वेशींवर बांबू आडवे झाले होते. त्या बाईने काय केले, त्याचे मोल आपल्याला आता अधिक कळेल.

झावळ्यांच्या रविवारी ते रोमला पोहोचले. पोप सहावे एड्रियन ह्यांचा आशीर्वाद त्यांना यात्रेसाठी मिळाला. पैशाशिवाय यरुशलेमला कोणी जाऊ शकत नाही, असे सर्वांनी बजावून त्यांच्या हाती सोन्याची सहा-सात नाणी ठेवली. रोम सोडल्यावर दोनच दिवसांनी त्यांना वाटले, हा अविश्वास झाला. वाटेत भेटेल त्या गरिबाला ती नाणी त्यांनी वाटून टाकली.

व्हेनिसच्या वाटेवर काही सहप्रवासी मिळाले. आरोग्याचा दाखला नसला तर व्हेनिसमध्ये घेणार नाहीत, असे कळल्याने सगळे पादुआकडे वळले. इग्नेशियस ह्यांना त्यांच्याइतके भराभर चालवेना. संध्याकाळ झाली आणि मोकळ्या माळावर ते एकटे मागे राहिले. त्या अंधारात प्रभू येशूने आपल्याला दर्शन देऊन धीर दिला, असे त्यांनी सांगितले आहे. सकाळी ते पादुआच्या वेशीवर पोहोचले, तर पहारेकऱ्यांनी काही विचारलेच नाही. दाखल्यासाठी पुढे गेलेल्या सोबत्यांना ह्याचे मोठे नवल वाटले.

व्हेनिसमध्ये ते संत मार्कच्या चौकात उघड्यावर झोपत. एका श्रीमंत स्पॅनिश गृहस्थाने त्यांना पाहिले, घरी नेऊन जेवू घातले आणि पुढे व्हेनिसचे प्रमुख आंद्रेआ ग्रित्ती ह्यांची भेट घडवली. ग्रित्ती ह्यांनी त्यांना सायप्रसला जाणाऱ्या जहाजात जागा देण्याचा हुकूम दिला. १४ जुलै १५२३ रोजी जहाज निघाले. ४ सप्टेंबरला ते यरुशलेमला पोहोचले.

तिथे जन्मभर राहायचे, हा त्यांचा बेत होता. तो सफल झाला नाही. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना अनुभव होता. यात्रेकरू मागे राहतात, पकडले जातात आणि त्यांना सोडवण्यासाठी मठाला खंडणी भरावी लागते. त्यांनी परत जाण्याची आज्ञा केली. निघण्यापूर्वी इग्नेशियस गुपचूप जैतुनाच्या डोंगरावर गेले. प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या जागी दगडावर पावलांचे ठसे दाखवतात. वाटाड्याशिवाय तिथे जाणे धोक्याचे होते. पहारेकऱ्यांना त्यांनी आपला चाकू दिला आणि आत शिरले. परतताना आठवले की, उजवे पाऊल कोणत्या दिशेला होते ते नीट पाहिलेच नाही. पुन्हा मागे गेले आणि ह्या खेपेस कात्री दिली. इकडे मठात शोधाशोध सुरू झाली. मठात काम करणारा एक स्थानिक ख्रिस्ती माणूस हातात मोठी काठी घेऊन संतापाने आला, त्याने त्यांचा दंड धरला आणि ओढत परत नेले. त्या वेळी प्रभू आपल्या डोक्यावर आहे, असा भास इग्नेशियस ह्यांना वाटभर होत होता.

प्रेम नेहमी गोड शब्दांतच येते असे नाही. घरच्या मुलाला उशीर झाला की आई आधी रागावते आणि मग जेवायला वाढते. तो माणूस रागावला, कारण त्याला त्या मुलखातला धोका माहीत होता आणि हा परका मनुष्य त्याच्या जबाबदारीचा होता.

दोन सैन्यांच्या मध्ये

परतीच्या वाटेवर सायप्रसमध्ये तीन जहाजे होती. मोठ्या व्हेनिशियन जहाजाच्या मालकाने त्यांना फुकट नेण्यास नकार दिला. हा खरेच संत असेल तर त्याला जहाजाची काय गरज, असे तो थट्टेने म्हणाला. एका लहान जहाजाने त्यांना घेतले. वादळ झाले. एक जहाज माणसांसकट बुडाले, मोठे जहाज सायप्रसपाशीच फुटले, पण त्यातली माणसे वाचली, आणि लहान जहाज कसेबसे इटलीच्या किनाऱ्याला लागले. १५२४ च्या जानेवारीत ते व्हेनिसला आले. भर थंडी, बर्फ पडत होते आणि त्यांच्या अंगात खांद्यावर फाटलेला अंगरखा होता. तिथे पूर्वी ओळख झालेल्या एकाने त्यांना पंधरा-सोळा नाणी दिली आणि पोटाला थंडी बाधू नये म्हणून कापडाचा एक तुकडा दिला. फेरारा शहरात पोहोचल्यावर ती नाणी त्यांनी भिकाऱ्यांना दिली. बातमी पसरली, भिकारी जमले, पैसे संपले. मग आपल्याकडे आता काही नाही म्हणून त्यांनी त्या भिकाऱ्यांची क्षमा मागितली.

उत्तर इटलीत तेव्हा फ्रेंच आणि स्पॅनिश सैन्यांचे युद्ध चालू होते. स्पॅनिश शिपायांनी त्यांना हेर समजून पकडले, कपडे उतरवून झडती घेतली आणि कप्तानापुढे उभे केले. कप्तानाने त्यांना वेडा ठरवून सोडले. शिपायांनी मारझोड केली. तिथून बाहेर पडताच तिथे राहणाऱ्या एका स्पॅनिश माणसाने त्यांना आपल्या घरी नेले, दिवसभराच्या उपाशी पोटाला जेवण दिले आणि रात्रीची सोय केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रेंचांनी पकडले. त्यांचा कप्तान बायोन शहराच्या बाजूचा निघाला. आपला कैदी शेजारच्या गिपुस्कोआचा आहे हे ऐकताच त्याने त्यांना जेवण देण्याचा आणि चांगले वागवण्याचा हुकूम केला. स्वदेशीयांनी मारले आणि शत्रूने जेवू घातले. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात प्रभूने हेच सांगितलेले नाही काय?

पॅरिस ते रुआँ

लोकांचे भले करायचे तर शिकायला हवे, हे आता त्यांना कळले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते बार्सिलोनात मुलांबरोबर लॅटिन व्याकरण गिरवू लागले. इसाबेल रोझेर ह्या दानशूर बाईने खर्च उचलला आणि आर्देवोल नावाच्या शिक्षकांनी फुकट शिकवले. पुढे आल्काला आणि सालामांका येथे धर्मचौकशी आणि तुरुंगवास झाला. १५२८ च्या फेब्रुवारीत ते एकटे, पायी, पॅरिसला पोहोचले.

तिथे त्यांनी आपले सारे पैसे एकाच घरात राहणाऱ्या एका स्पॅनिश विद्यार्थ्याकडे ठेवायला दिले. त्याने ते खर्च करून टाकले. इग्नेशियस रस्त्यावर आले. दूरच्या इस्पितळात राहून, भिक्षा मागून शिकावे लागले. सुट्टीत फ्लँडर्सला आणि एकदा इंग्लंडलाही मदत मागायला जावे लागले.

काही काळाने त्या विद्यार्थ्याचे पत्र आले. स्पेनला जाताना तो रुआँ शहरात आजारी पडून अडकला होता. परके गाव, जवळ कोणी नाही. इग्नेशियस पहाटे निघाले. पॅरिसपासून रुआँ सुमारे १३० किलोमीटर. अनवाणी, अन्नपाण्याशिवाय जायचे, असा त्यांनी नेम केला होता. निघताना मनावर मोठी भीती आणि मरगळ होती. आर्जांतय गावाच्या पुढे एक चढ चढताना ती सरली आणि एवढा आनंद झाला की, ते शेतांतून मोठ्याने देवाशी बोलत चालले. पहिली रात्र एका भिकाऱ्याशेजारी इस्पितळात काढली, दुसरी गवताच्या खोपटात. तिसऱ्या दिवशी ते रुआँला पोहोचले. त्या आजाऱ्याला त्यांनी धीर दिला, स्पेनला जाणाऱ्या जहाजात बसवून दिले आणि सोबत आपल्या मित्रांना देण्यासाठी पत्रेही दिली.

माझ्या मते संत इग्नेशियस ह्यांच्या चरित्रातला हा सर्वांत सुंदर प्रवास आहे. मान्रेसाच्या स्त्रियांनी जे त्यांच्यासाठी केले, त्याची परतफेड त्यांनी त्या स्त्रियांना केली नाही. ती झाली पैसे बुडवणाऱ्या माणसाच्या उशाशी.

नदीकाठची वाट

पॅरिसमध्ये पीटर फेबर, फ्रान्सिस झेवियर आणि इतर सोबती मिळाले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी सात जणांनी मोंमार्त्र टेकडीवर व्रत घेतले. १५३५ साली प्रकृतीसाठी इग्नेशियस आझ्पेतियाला गेले. भावाच्या वाड्याऐवजी ते गावातल्या इस्पितळात राहिले आणि मुलांना धर्मशिक्षण दिले. मग जिनोआमार्गे ते बोलोन्याकडे निघाले आणि डोंगरात वाट चुकले.

एका नदीच्या काठाने ते चालत होते. नदी खोल खाली, वाट उंचावर. जसजसे पुढे जावे तसतशी वाट अरुंद होत गेली. शेवटी अशी जागा आली की, पुढे जाता येईना आणि मागे वळताही येईना. ते हातांवर आणि गुडघ्यांवर रांगू लागले. प्रत्येक हालचालीला वाटे, आता नदीत पडणार. बराच वेळ असे रांगून ते सुटले. आयुष्यात शरीराचे एवढे कष्ट आपल्याला कधीच पडले नाहीत, असे त्यांनी नमूद केले आहे.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही देकार्त शिकलो. हा फ्रेंच तत्त्वज्ञ येशूसंघाच्याच शाळेचा विद्यार्थी. रानात वाट चुकलेल्या प्रवाशाने इकडेतिकडे भटकू नये, एक दिशा धरून सरळ चालत राहावे, म्हणजे कुठे तरी बाहेर पडेल, असा उपदेश त्याने १६३७ च्या आपल्या पुस्तकात केला आहे. उपदेश शहाणपणाचा आहे. मात्र देकार्तच्या रानात वाट विचारायला दुसरा माणूस नाही. इग्नेशियस ह्यांच्या वाटेवर सरळ चालण्याची सोयच नव्हती. रांगावे लागले, आणि बाहेर पडल्यावर माणसांपुढे हात पसरावा लागला. आपल्या बहुतेकांचे आयुष्य ह्या दुसऱ्या वाटेसारखे असते.

कथा इथे संपत नाही. बोलोन्या शहरात शिरताना लाकडी साकवावरून त्यांचा पाय घसरला आणि ते खाली पडले. चिखलाने आणि पाण्याने भरून वर आले, तेव्हा बघणारे हसले. मग ते भिक्षा मागत सारे शहर फिरले. एक दमडीही कोणी दिली नाही. ते आजारी पडले आणि काही दिवसांनी व्हेनिसकडे चालू लागले.

बोलोन्या हे पोपमहाशयांच्या राज्यातले कॅथोलिक शहर होते. तिथे चर्चेस होती, विद्यापीठ होते, मिस्सा रोज होत होत्या. देव भरवशाच्या माणसाला कधी उपाशी ठेवत नाही, असे आपण सहज म्हणतो. त्या दिवशी ठेवले. देवाने हात पुढे केला नाही असे मी म्हणणार नाही. देवाचे हात म्हणून जी माणसे त्या शहरात राहत होती, त्यांनी ते खिशातून बाहेर काढले नाहीत. इग्नेशियस ह्यांनी मात्र त्या शहराला दूषण दिल्याचे त्यांच्या कथेत कुठेही नाही.

दार उघडणारे घर

२४ जून १५३७ रोजी त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. यरुशलेमला पुन्हा जायचे ठरले होते, पण युद्धामुळे जहाजे निघेनात. तीही वाट बंद झाली, म्हणून ते रोमला गेले आणि २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल ह्यांनी येशूसंघाला मान्यता दिली.

१५३८-३९ च्या हिवाळ्यात रोममध्ये दुष्काळ पडला होता. थंडीने आणि भुकेने माणसे रस्त्यावर पडलेली असत. इग्नेशियस आणि त्यांच्या सोबत्यांनी आपल्या राहत्या घराचे दार उघडले. शेकडो लोकांना तिथे आसरा मिळाला, झोपायला गवत, शेकायला विस्तव आणि भिक्षा मागून आणलेली भाकरी मिळाली. संत मार्कच्या चौकात उघड्यावर झोपलेला यात्रेकरू आता यजमान झाला होता.

पुढे संघाची घटना लिहिताना त्यांनी एक नियम घातला. संघात येणाऱ्या प्रत्येक नवशिष्याने एक महिना पैशाशिवाय, दारोदार भिक्षा मागत यात्रा करावी. कितीही मोठ्या घरचा मुलगा असो, परक्याच्या दारात उभे राहण्याची शिकवण त्याला मिळालीच पाहिजे. ह्याच संघाचे फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्याला उतरले. ह्याच संघाच्या फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली छापले गेले. एकोणिसाव्या शतकात आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यांत गेलेले धर्मगुरूही त्याच संघाचे. त्यांच्यासाठी मुलूख परका आणि भाषाही परकी होती.

३१ जुलै १५५६ रोजी पहाटे इग्नेशियस ह्यांचे रोममध्ये निधन झाले. संघात तेव्हा सुमारे एक हजार जण होते. १२ मार्च १६२२ रोजी फ्रान्सिस झेवियर, आविलाच्या तेरेजा, फिलिप नेरी आणि शेतकरी इसिदोर ह्यांच्याबरोबर त्यांना संतपद बहाल करण्यात आले.

आपल्यासाठी

धर्मग्रामस्थहो, मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, घेण्याविषयी. आपल्या धर्मग्रामात देणारे हात पुष्कळ आहेत, हे मी कृतज्ञतेने सांगतो. परंतु मागण्याची आपल्याला लाज वाटते. घरात आजारपण येते, नोकरी जाते, कर्ज होते, मुलगा दारूच्या नादी लागतो आणि कुटुंब दार लावून बसते. लोक काय म्हणतील ह्या भीतीने धर्मगुरूंनाही कळू देत नाही. सरदाराच्या वाड्यात जन्मलेल्या ह्या संताने भाकरी मागितली, वाट विचारली, बायकांनी दिलेली टोपी निमूटपणे घातली. आरंभी त्यांना वाटे की, माणसांवर विसंबले तर देवावरचा विश्वास कमी होतो. पुढे त्यांनीच सोबती जमवले. देव बहुतेकदा माणसाच्याच हाताने देतो. तो हात नाकारणे म्हणजे श्रद्धा नव्हे. ज्यांच्या घरात आज अशी अडचण आहे, त्यांनी संकोच न करता आपल्या समूहातल्या एखाद्या विश्वासू माणसाला किंवा मला येऊन सांगावे. वाट अरुंद झाली की रांगण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट देण्याविषयी. फोंदीची मालकीण, बायोनचा कप्तान, काठी घेऊन आलेला तो यरुशलेमचा माणूस ह्यांना आपण एका संताला मदत करत आहोत हे माहीत नव्हते. त्यांना फक्त एक थकलेला, मळलेला, विचित्र दिसणारा परका माणूस दिसला होता. बोलोन्याच्या लोकांनाही तोच माणूस दिसला होता. मी परका होतो तेव्हा तुम्ही काय केले, हे प्रभू शेवटच्या दिवशी विचारणार आहे. कामाच्या शोधात परप्रांतातून आलेला मजूर, पत्ता चुकलेली म्हातारी, भाषा न येणारी भाडेकरू बाई आपल्या दाराशी येते, तेव्हा आधी संशय आणि मग चौकशी, असा क्रम आपण लावतो. सावध जरूर राहावे. पण पाण्याचा एक तांब्या देण्यासाठी दाखला मागण्याची गरज नसते.

ह्या रविवारच्या मिस्सानंतर पायऱ्यांवर कोण उभे आहे, ते घाई न करता पाहू या. संत इग्नेशियस आपल्यासाठी प्रार्थना करोत.

तुमचाच प्रभूमध्ये,
धर्मगुरू